दिवाळीच्या कार्यक्रमात ‘ही जमीन कुणाची’ हे मराठीत कसं सांगायचं?

चिंचगुळाची_आमटी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही टोरांटोशेजारी मिसिसॉगात राहतो. आमच्या छोट्या मराठी ग्रुपचा दिवाळीचा कार्यक्रम आहे. दीडेकशे माणसं, फराळ, मुलांचे किल्ले, एक नाट्यछटा. कॅनडात आता बहुतेक जाहीर कार्यक्रम ‘लँड अॅकनॉलेजमेंट’ने सुरू होतात. ही जमीन मुळात कुठल्या लोकांची, ते नावं घेऊन सांगायचं. आमच्याकडे दरवर्षी इंग्रजीतला तयार परिच्छेद कुणीतरी धावत वाचतं आणि तोवर मागे स्टीलच्या डब्यांची झाकणं वाजत असतात. यंदा ते काम माझ्या गळ्यात आलं. मी फुशारकीने म्हटलं, मराठीत करू. आणि अडकले.

अॅकनॉलेजमेंटला काय म्हणू? ‘ऋणनिर्देश’ म्हटलं की पीएचडीच्या प्रबंधाचं पहिलं पान आठवतं. रिकन्सिलिएशनला, म्हणजे मूळ लोकांशी बिघडलेलं नातं पुन्हा जुळवण्याला? समेट? सलोखा? दिलजमाई? आणि खरं सांगायचं तर त्याआधीचा प्रश्न: आपण हे म्हणावं का? मनापासून म्हणता येतं का?

पेठी_बाणा

म्हणू नये. घर बळकावायचं आणि दारावर मूळ मालकाच्या नावाची सुबक पाटी लावायची, असा हा प्रकार आहे. जमीन परत देणार आहात का? नाही ना? मग चकल्या खा.

खारे_शेंगदाणे

पहिल्याच प्रतिसादात विषय संपवला. मी पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो हो.

दुधीभोपळा

पेठी_बाणा, तुमच्या पाटीच्या उपमेत एक गंमत आहे. टोरांटोच्या जमिनीचा कागद खरोखरच बघण्यासारखा आहे. १७८७ मध्ये इंग्रजांनी मिसिसॉगा नावाच्या मूळ लोकांकडून जमीन ‘घेतली’. काही वर्षांनी खरेदीखत उघडून पाहिलं तर ते कोरं! सीमा लिहिलेल्या नाहीत, आणि प्रमुखांच्या खुणा वेगळ्या चिठ्ठ्यांवर घेऊन कागदाला चिकटवलेल्या. म्हणजे आपल्या सावकाराचा कोरा स्टँप आणि कुळाचा अंगठा. मग १८०५ मध्ये पुन्हा कागद केला. सुमारे अडीच लाख एकर, किंमत दहा शिलिंग. दावा लढवत लढवत २०१० साली कॅनडा सरकारने साडेचौदा कोटी डॉलर देऊन तो मिटवला. म्हणजे ‘काहीच होत नाही’ हेही खरं नाही. दोनशे पाच वर्षं लागली, इतकंच.

चिंचगुळाची_आमटी

बाप रे, कोरा कागद माहीत नव्हता. हेच घालते मग.

एरंडाचं_पान

थांबा, घालू नका. तुम्ही मिसिसॉगात आहात. टोरांटो पर्चेसमध्ये, म्हणजे दुधीभोपळा म्हणतात त्या खरेदीत, तुमच्या शहराचा जेमतेम कडेचा भाग येत असेल. मिसिसॉगाचा दक्षिणेकडचा पट्टा १८०५-०६ च्या करारातला, वरचा १८१८ च्या अजेटन्स करारातला. हॉलचा पत्ता बघून करार शोधा. सातबारा काढताना गट नंबर चुकवला तर तलाठी हाकलून देतो, तसंच आहे हे.

अवांतर: शहराला ज्यांचं नाव आहे ते लोक त्या शहरात नाहीत. क्रेडिट नदीच्या मुखाशी त्यांचं गाव होतं, १८४७ मध्ये त्यांना उठावं लागलं. सिक्स नेशन्स या दुसऱ्या मूळ लोकांच्या संघाने आपल्यातली जमीन दिली म्हणून ते हॅगर्सविलजवळ वसले. नदीचं नाव ‘क्रेडिट’ का, तर व्यापारी तिथे फरच्या बोलीवर माल उधार द्यायचे. उधारीची नदी!

खारे_शेंगदाणे

आज रोख, उद्या उधार. पाटी तिथूनच आली असणार. (दिवे घ्या.)

रविवारची_मिसळ

व्हँकुव्हरहून. इकडे तुमच्यासारखे करारही नाहीत. शहराच्या बहुतेक भागावर कधी कुठला तह झालाच नाही, म्हणून आमच्याकडे ‘अनसीडेड’, म्हणजे कधीच न दिलेली जमीन, म्हणतात. इथले मूळ लोक मस्क्वीयम, स्क्वामिश आणि स्लेवाटूथ. तिसऱ्या नावाचं स्पेलिंग बघून घाबरू नका, उच्चार सोपा आहे. २०१४ मध्ये महापालिकेनेच ठराव करून हे मान्य केलं. मी नवऱ्याला मराठीत असं समजावलं: ताबा आहे, खरेदीखत नाही.

पेठी_बाणांसाठी: बरार्ड पुलाच्या पायथ्याशी सेनाक्व नावाचं स्क्वामिश लोकांचं गाव होतं. १९१३ मध्ये माणसांना बोटीत घालून पाठवून दिलं आणि घरं जाळली. त्यातली साडेदहा एकर त्यांनी कोर्टातून परत मिळवली. आता तिथे त्यांचेच अकरा टॉवर उभे राहतायत, सुमारे सहा हजार भाड्याची घरं. गंमत म्हणजे आता शेजारचे लोक तक्रार करतात की इतक्या उंच इमारती ‘या भागाच्या स्वभावाला’ शोभत नाहीत.

पेठी_बाणा

बरं, परत मिळाली. एक उदाहरण. आता तुमच्या शेजारच्या रिचमंडबद्दलही सांगा की. तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने काउचिन या मूळ लोकांचा जमिनीवरचा हक्क सुमारे आठशे एकरांवर मान्य केला आणि घरमालकांची झोप उडाली. माझा मावसभाऊ तिथे राहतो. तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर. तो म्हणतो, माझ्या आजोबांनी इथे कुणाचं काय घेतलं? ते साताऱ्यात मास्तर होते.

रविवारची_मिसळ

भीती खोटी म्हणणार नाही. पण निकाल वाचलात तर काउचिननी खाजगी घरांची मालकी रद्द करा असं मागितलेलंच नाही. निशाणा सरकार आणि नगरपालिकेच्या ताब्यातल्या जमिनीवर होता. अपील होणार, वर्षानुवर्षं चालणार. व्हॉट्सअॅपवर मात्र ‘घर खाली करा’ची नोटीस आधीच फिरली. मावसभावाला वकिलाला विचारायला सांगा, ग्रुपला नको.

शपथविधी

आजोबा मास्तर होते, हा मुद्दा मीही मांडायचो. मग नागरिकत्वाची शपथ घेतली, झूमवर, वर ब्लेझर आणि खाली पायजमा. २१ जून २०२१ पासून त्या शपथेत एक वाक्य वाढलंय: राज्यघटना फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी या इथल्या मूळ लोकांचे मूळ व तहाचे हक्क मान्य करते आणि ती मी पाळीन. मूळ लोकांच्या मुलांच्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यातली शेवटची, चौऱ्याण्णवावी, खास आपल्यासारख्यांसाठी आहे. नवा नागरिक हे बोलल्याशिवाय नागरिक होतच नाही. तेव्हा आजोबांचा प्रश्न नाही, मी स्वतः हात वर करून बोललोय. पाहुणा म्हणून कोपऱ्यात उभं राहायची सोय संपली.

शिवाय ब्रिटिश कोलंबियात आपल्या लोकांचा मताधिकार १९०७ मध्ये काढला आणि १९४७ मध्ये परत दिला. इथल्या मूळ लोकांना स्वतःची कायदेशीर ओळख न सोडता केंद्राच्या निवडणुकीत मत द्यायला १९६० उजाडलं. ‘इंडियन’ दोघांनाही म्हणत होते, हा भाग वेगळा.

मैना_२२

‘इंडियन’वरून आठवलं. एका पॉववॉवला, म्हणजे मूळ लोकांच्या नाचगाण्याच्या मेळाव्याला, गेले होते, साडी नेसून (चूक झाली, गवतावर फार दव होतं). तळलेल्या भाकरीच्या स्टॉलवर रांग. ती आपल्या भटुऱ्याचीच बहीण. वाढणाऱ्या आजींनी मला वरखाली पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हणजे कोलंबस शोधत होता त्या तुम्ही!” इतक्या हसल्या की पिठाचा हात डोळ्याला लागला.

तळकोकणी

लोक उगाच इंग्रजी परिच्छेदाचं भाषांतर करत बसलेत. आमच्याकडे हे शेकडो वर्षं तयार आहे. गाऱ्हाणं! नवी विहीर खणा, घर बांधा, नाटक लावा, आधी जागेच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. घ्या:

“बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याचो जो कोण मूळ धनी आसात, जो कोण राखणदार आसात, तेचो मान तेका आधी पावतो कर रे म्हाराजा!”

व्हय म्हाराजा!

“आज जी तुझी लेकरां सातासमुद्रापलीकडसून येवन हय चकली-करंजी खातत, तेंका ह्या जाग्याची वळख ऱ्हवांदे, शिरजोरी येव नको रे म्हाराजा!”

व्हय म्हाराजा!

खारे_शेंगदाणे

व्हय म्हाराजा!! आणि पार्किंग मिळांदे रे म्हाराजा!

हळदीचं_पान

तळकोकणी, एक नंबर. आमच्या आईच्या पूजेतही आहे: कुलदेवताभ्यो नमः, ग्रामदेवताभ्यो नमः, स्थानदेवताभ्यो नमः. आणि संकल्पात तर अख्खा पत्ताच सांगतात. इकडे सत्यनारायणाला आलेले गुरुजी बर्फात उभं राहून ‘दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणाले. मी हळूच म्हटलं, गुरुजी, बाहेर क्रेडिट नदी आहे. ते म्हणाले, दक्षिणा दिलीत की बदलतो.

रानवाट_जव्हार

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी जव्हारकडचा, कोकणा आदिवासी. आता नाशिकला नोकरीला.

दंडकारण्य रोज म्हणता. दंडकारण्यात कोण राहत होतं, हे म्हणणाऱ्याला कधी सुचतं का? चिडून नाही विचारत, लहानपणापासून पडलेला प्रश्न आहे.

गाऱ्हाणं छान आहे. पण राखणदार हा देव झाला, त्याला नारळ पुरतो. इथे मूळ धनी जिवंत माणसं आहेत. त्यांना लाईटबिल येतं. देव करून टाकलं की हिशोबाचं बोलणं राहून जातं.

माझ्या वडिलांनी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा टाकला होता. कसत होते तीन एकरांच्या आसपास. पुरावा म्हणून आजोबांच्या दंडाच्या पावत्या लावल्या. जंगलात ‘अतिक्रमण’ केलं म्हणून जो दंड भरला होता, तोच पुढे आमचा पुरावा झाला. मोजायला आलेल्याने बांधावर उभं राहून लांबूनच हात दाखवला, पलीकडचा आंब्याचा तुकडा राहिला. पट्टा आला तेव्हा त्यावर एक एकर दहा गुंठे. वडील त्या आंब्याखाली अजून बसतात. ती जागा कागदावर आमची नाही, एवढंच.

तर माझं मत: म्हणा. पण नाव, साल, आकडा घेऊन म्हणा. ‘निसर्गाशी एकरूप राहणाऱ्या बांधवांना वंदन’ असलं काही म्हणणार असाल तर चकल्या खाल्लेल्या बऱ्या.

पेठी_बाणा

रानवाट, तुमच्या शेवटच्या वाक्यावर आपलं एकमत झालं. हे पहिल्यांदाच घडतंय, नोंद घ्यावी.

चिंचगुळाची_आमटी

रानवाट, धन्यवाद. खरं सांगते, माझ्या कच्च्या मसुद्यात ‘निसर्गाशी एकरूप’ होतं. खोडलं.

शब्दवेडा

मूळ प्रश्न शब्दांचा होता, त्याकडे येऊ. ‘समेट’ नको. समेट भांडणाऱ्या दोन पक्षांत होतो. इथे एकाने दुसऱ्याची पोरं उचलून नेली. ‘दिलजमाई’ नवरा-बायकोची. ‘सलोखा’ त्यातल्या त्यात बरा, पण तो दंगलीनंतर पोलीस ठाण्यात समिती भरवून करतात. इंग्रजीतल्या ‘री’वरही तिकडच्या मूळ लोकांतले बरेच जण टीका करतात: आधी कधी जुळलं होतं म्हणून ‘पुन्हा’ जुळवायचं?

‘मूलनिवासी’ शब्दाला आपल्याकडे स्वतःचं राजकारण आहे, ‘वनवासी’ला तर आहेच. त्यांची नावंच घ्यावीत.

बाकावरची_नावं

मी ऑन्टारिओत शिक्षिका आहे. पोरं उचलून नेली, हे इथे कुणीतरी उलगडून सांगायला हवं. मूळ लोकांची सुमारे दीड लाख मुलं निवासी शाळांत टाकली गेली. सरकारचा पैसा, चर्चचं व्यवस्थापन. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे आपण दहावीच्या आसपास होतो. ३० सप्टेंबरला मुलं केशरी शर्ट घालतात त्याचं कारण फिलिस वेबस्टॅड. सहा वर्षांच्या असताना आजीने घेतलेला नवा केशरी शर्ट शाळेत पहिल्याच दिवशी अंगावरून काढून घेतला, तो परत मिळाला नाही.

ब्रँटफर्डला मोहॉक इन्स्टिट्यूट आहे. रोज तीच पातळ लापशी मिळायची म्हणून मुलं त्या शाळेला ‘मश होल’ म्हणायची. १९७० मध्ये बंद झाली, इमारत ठेवलीय. मागच्या भिंतीच्या विटांवर मुलांनी नावं कोरलीत. मी बोट फिरवून पाहिलं. आपण बाकावर कर्कटकाने कोरायचो तसंच, अक्षरांचा तोच कोन, शेवटचं अक्षर जागा संपल्यामुळे बारीक. मला तिथून लगेच निघता आलं नाही.

पेठी_बाणा

कॅम्लूप्सच्या निवासी शाळेत तर काही सापडलंच नाही म्हणतात. मोठा गाजावाजा झाला होता.

बाकावरची_नावं

२०२१ मध्ये रडारने जमिनीखाली कबरी असाव्यात अशा जागा दिसल्या. खोदकाम झालेलं नाही, त्यामुळे ‘सांगाडे सापडले’ म्हणणं चूकच होतं. काही बातम्यांनी ती चूक केली. पण आयोगाने २०१५ मध्ये नोंदींवरूनच ३,२०० हून जास्त मुलांचे मृत्यू मोजले होते. रडारच्या आधी. कितीतरी नोंदींत मुलाचं नावही नाही.

रानवाट_जव्हार

मी आश्रमशाळेत शिकलो. तुलना करत नाही. मला कुणी पोलीस आणून ओढून नेलं नव्हतं, आईनेच पत्र्याची पेटी घेऊन सोडलं. पण आमच्या बोलीत बोललं की वर्ग हसायचा. दुसरीत मी ती शाळेत बोलायचं सोडलं. आता माझ्या मुलीला येत नाही.

गोठलेली_विनिपेग

माझी घरगुती गोष्ट. विनिपेगचं पाणी दीडशे किलोमीटरवरच्या शोल लेकमधून येतं, १९१९ पासून. पाणी इतकं चांगलं की मी फिल्टरही लावलेला नाही, वरणाला मस्त चव येते. त्या तळ्याकाठी शोल लेक ४० नावाची वस्ती आहे. नळाच्या कामासाठी त्यांना हलवलं, कालवा खणला आणि त्यांचा तुकडा बेट होऊन बसला. त्याच वस्तीला १९९७ ते २०२१ ‘पाणी उकळून प्या’चा आदेश होता. चोवीस वर्षं! बाहेर जायचा बारमाही रस्ता २०१९ ला झाला. हे कळल्यावर मी कुकर लावताना आठवडाभर नळाकडे बघत होते. मग सवय झाली. तेच वाईट.

शहापूर_लोकल

तानसा, भातसा, वैतरणा आमच्या तालुक्याच्या आसपास. मुंबईला पाणी, आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या पाड्यांवर टँकर. मुलुंडच्या मेव्हण्याला म्हटलं, तुमच्या सोसायटीच्या सभेच्या सुरुवातीला शहापूरचं नाव घ्या. त्याने पाणीपट्टीची पावती दाखवली.

सिडनीची_सून

ऑस्ट्रेलियाचे दोन पैसे. आमच्याकडे ‘वेलकम टू कंट्री’ फक्त त्या जागेच्या मूळ लोकांतले ज्येष्ठच करू शकतात. बाकी कुणीही करतो ते अॅकनॉलेजमेंट. सिडनीत गॅडिगल लोकांचं नाव घेतात. आणि हे सगळीकडे म्हणून म्हणून काय झालं? १४ ऑक्टोबर २०२३ ला त्यांना संसदेपुढे सल्ला देणारी एक संस्था द्यावी का यावर सार्वमत झालं. साठ टक्के नाही म्हणाले. आदल्या आठवड्यात ऑफिसात ज्याने डोळे मिटून अॅकनॉलेजमेंट म्हटलं त्याने कुठे मत दिलं, मला माहीत आहे. म्हणून मी साशंक. पण म्हणूच नये इतकीही नाही.

चिंचगुळाची_आमटी

मंडळी, मसुदा. सव्वा मिनिट होतंय, घड्याळ लावून वाचलं.

“कार्यक्रमाआधी थोडं जागेबद्दल. आपण बसलोय ते क्रेडिट नदीचं खोरं. इथे मिसिसॉगा लोक राहायचे. शहराला त्यांचं नाव राहिलं, गाव मात्र १८४७ मध्ये उठलं. आज ते तास-सव्वा तासावर, हॅगर्सविलजवळ राहतात. १८०५ ते १८२० या काळातल्या करारांनी ही जमीन गेली. पाणी आम्ही कधीच दिलं नाही, असं त्यांचं म्हणणं आहे आणि २०१६ मध्ये त्यांनी तसा दावा केला आहे. आपल्यापैकी ज्यांनी इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली त्यांनी या लोकांचे हक्क पाळायचा शब्द दिला आहे. तो काय शब्द होता हे फराळाच्या टेबलावर मराठीत छापून ठेवलंय. करंजी घेताना वाचा.”

रिकन्सिलिएशनला शब्द सापडला नाही, म्हणून वापरलाच नाही. अजून एक: तिकडे हॅगर्सविलला मुलांना घेऊन एक चक्कर मारावी असं मनात आहे.

शब्दवेडा

‘गाव उठलं’ फार चांगलं. धरणग्रस्तांचा शब्द. कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

एरंडाचं_पान

‘ही जमीन गेली’ चालेल. हॉलचा पत्ता मात्र तपासाच.

रानवाट_जव्हार

मसुदा चांगला आहे. फक्त चक्कर नको. आमच्या पाड्यावर शनिवारी गाड्या येतात, उतरतात, भिंतीवरच्या चित्राशेजारी उभं राहून फोटो, पोरांच्या हातात गोळ्या, निघाले. त्यांनी बोलावलं असेल तेव्हा जा.

मैना_२२

पॉववॉवला सगळ्यांना बोलावणं असतं, त्यांचा ऑगस्टमध्ये होतो. साडी नेसू नका.

चिंचगुळाची_आमटी

बरोबर, चुकलं माझं. मग ऑगस्टला तिकडे. आणि या शनिवारी ब्रँटफर्ड, ती विटांची भिंत. ते संग्रहालय आहे, लोकांनी यावं म्हणूनच ठेवलेलं. गाडीत दोन जागा शिल्लक आहेत.

दुधीभोपळा

एक माझी. इटोबिकोकहून उचला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणतो.

पेठी_बाणा

मी पुण्यात आहे, नाहीतर दुसरी घेतली असती. ‘करंजी घेताना वाचा’ काढा. करंजी घेताना कुणी वाचत नाही. चहाच्या रांगेत लावा, तिथे वेळ असतो.